शिट्टी आक्कांची रांग

शिट्टी आक्कांना माणसं आवडत नसत, रांगा आवडत. चार बायका बोलत उभ्या दिसल्या की त्यांच्या कपाळाला आठी पडे, आणि त्याच चौघी एकीमागे एक उभ्या राहिल्या की आठी जाई. आमच्या वडगावात लग्नाचं जेवण असो, पाण्याचा टँकर असो की गणपतीची आरती, आक्का आल्या की आधी माणसं सरळ व्हायची आणि मग बोलणं थांबायचं. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली पितळी शिट्टी असे. नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी ती तिथेच होती. "आंघोळीला बी काढत न्हाईत," असं शेजारच्या नलूकाकू शपथेवर सांगत. लहानपणी मला त्या शिट्टीची भीती वाटे. मोठी झाल्यावर राग येऊ लागला. आता दोन्ही उरलेलं नाही, तरी कुठे शिट्टी वाजली की माझी मान आपोआप ताठ होते, आणि त्याबद्दल मी आक्कांना अजून माफ केलेलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला मराठी शाळा होती. आक्का तिथे ड्रिलच्या बाई. माझी आई त्यांच्याच हाताखाली शिकली. आज्ञा हिंदीत, शिव्या मराठीत आणि सहलीला निघाल्यावर कंडक्टरशी भांडण कन्नडमध्ये, अशी त्यांची भाषांची वाटणी होती. रांगेत चालण्याचा नियम मात्र एकच: "पुढचीच्या मानंकडं बघायचं. मागं वळायचं न्हाय. मागं काय ठेवलंय तुमचं?" आई पन्नाशीला आली तरी खडेबाजारच्या गर्दीत बाबांच्या मानेवर नजर लावून चालते. दोन्ही बाजूंनी दुकानं येतात आणि जातात, तिच्या गावीही नसतं. आक्कांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांना ती शाबासकी वाटली असती.

माझ्याशी त्यांचं वैर मी पहिलीत जायच्या आधीपासूनचं. उन्हाळ्यात मराठी शाळेच्या बाई पहिलीसाठी मुलं शोधत घरोघर फिरत. आक्का आमच्याकडे आल्या तेव्हा आतल्या खोलीत विणायचे माग चालू होते. आईने ते बंद केले. आमच्या घरात एरवी शांतता नसे, म्हणून ती दुपार माझ्या लक्षात राहिली. बाबा खाली बघत म्हणाले, "आक्का, तिचं इंग्लिश मीडियमला झालं." आक्कांनी आईकडे बघितलं. आईने फरशीकडे. "तू बी?" एवढंच म्हणून त्या उठल्या. चहा तसाच राहिला. त्यानंतर त्यांनी मला नावाने कधीच हाक मारली नाही. मी 'कॉन्व्हेंट' झाले. "कॉन्व्हेंट, आई हाय का घरात?" "कॉन्व्हेंटला सांगा, गटारीत कचरा टाकू नको म्हणावं." पुढे मुलं कमी होत गेली, आणि आक्का निवृत्त झाल्या त्याच वर्षी शाळेला कुलूप लागलं. ते कुलूप मी लावलं असं त्या तोंडाने म्हणाल्या नाहीत. बघायच्या मात्र तसंच.

मी बोलत नाही, ही त्यांची दुसरी तक्रार. मी घरूनच काम करते, कानाला हेडफोन लावून. एकदा त्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या.

"दिवसभर ते लावून बसतीस, बोलतीस कुणाशी?"

"ऐकते."

"ऐकायला ठेवलंय व्हय तुला? इंग्लिश शाळेत दाखल करून घेताना आधी आवाज काढून घेतात वाटतं."

मी उत्तर दिलं नाही, म्हणजे त्यांचंच म्हणणं खरं झालं. खरं सांगायचं तर मला माणसांत अवघडायला होतं. कुठल्याही खोलीत मी भिंतीला पाठ लावून बसते. मागे कुणी असलं की मला नीट ऐकूसुद्धा येत नाही. सतत वळून बघावंसं वाटतं. आक्कांच्या राज्यात नेमका हाच गुन्हा होता.

शाळा गेली तरी आक्कांनी रांग सोडली नाही. रविवारी सकाळी गल्लीतल्या जुन्या विद्यार्थिनी, आता कुणी सासू, कुणी आजी, आक्कांच्या मागे येळ्ळूरच्या रस्त्याने चालत निघायच्या. पुढे एक वडाचं झाड आहे. तिथे शिट्टी वाजे आणि आज्ञा होई: "पीछे मुड!" सगळ्या जागच्या जागी वळत. ड्रिलच्या नियमाप्रमाणे आता शेवटची बाई पहिली झाली. तिने पुढे चालायचं. पण आक्का शेताच्या बांधावरून वळसा घालून झपाझप यायच्या आणि पुन्हा सगळ्यांच्या पुढे उभ्या राहायच्या. एकदा नलूकाकूंनी विचारलं, "आक्का, आता शेवटची पुढं हुती न्हवं? तुम्हीच शिकिवलंयसा की."

"ते शाळेत," आक्का म्हणाल्या.

वर्षातून एकदा, फाल्गुन संपत आला की, ज्यांना जमेल त्यांना घेऊन आक्का उत्तरेच्या डोंगरात जात. गेल्या वर्षी जाणार होत्या चौघी: आक्का, नलूकाकू, निपाणीला नर्स असलेल्या ज्योतीताई आणि आई. निघायच्या आठवड्यात आईचा पाय माग बसवलेल्या खड्ड्यापाशी मुरगळला. आई म्हणाली, माझ्या जागी ही येईल. मला कुणी विचारलं नाही.

"कॉन्व्हेंट?" आक्का म्हणाल्या. "चालंल का ती?"

"चालंल. बोलणार न्हाय तेवढंच."

"मग बरं हाय."

माझ्यासाठी बूट घ्यायला आक्का स्वतः खडेबाजारात आल्या, कारण आईच्या निवडीवर त्यांचा विश्वास नव्हता. दुकानदाराने नंबर विचारला. मी म्हणाले, "थर्टी नाइन."

"मराठीत सांग," आक्का म्हणाल्या.

मला माहीत होतं. पण त्या बाजूला उभ्या राहून तोंडाकडे बघत असल्या की मला काहीच माहीत नसतं. "एकोणतीस," मी म्हणाले. दुकानदाराने निमूटपणे लहान मुलाचे बूट आणून ठेवले. आक्कांनी त्यातला एक उचलून माझ्या पायाला लावून बघितला आणि हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आगगाडीत दिल्लीपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या हे सांगत होत्या. "इंजिनेर हाय. पायाचा नंबर एकोणतीस." मी खिडकीबाहेर बघत ठरवलं, की ही बाई डोंगरात घसरली तर मी हात द्यायच्या आधी थोडा विचार करीन.

हिमाचलातल्या ज्या लहानशा गावात आम्ही उतरलो, तिथल्या घरमालकांनी आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं: देवीच्या देवळापर्यंत जा, दर्शन घ्या, परत या. वरची वाट सावलीत आहे, अजून बर्फाखाली आहे. अस्वलंही या दिवसांत जागी होतात. पुढे जायचं असेल तर मी बरोबर येतो.

"हम खानापूर का जंगल में घूमा है," आक्का म्हणाल्या. "हमको मत सिखाव."

त्यांनी आमच्या बुटांकडे बघितलं.

सकाळी रांग लागली. पुढे आक्का, मग नलूकाकू, मग ज्योतीताई. "कॉन्व्हेंट शेवटी. हरवली तर कळणार बी न्हाय, हाक मारत न्हाय ती." देवळापर्यंत वाट बरी होती. तिथून पुढे ती देवदारांच्या सावलीत शिरली आणि बर्फात नाहीशी झाली. चित्रातल्यासारखा तो पांढरा नव्हता. वर देवदाराच्या सुया, साली, माती पडून मळलेला, आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत गिळणारा. मला वाटलं आता परतायचं. आक्कांनी काठीने दोनदा बर्फ टोचला, आणि वाट सोडून उतारावरच्या झाडांत शिरल्या. खालून वळसा घालून पलीकडे पुन्हा वाट पकडू, असा त्यांचा हिशोब.

"वाट गेली म्हणून काय झालं? पाय हायत न्हवं?"

खानापूरच्या जंगलात शिरलं की ते अंगावर येतं: पक्षी, किडे, उकाडा, वास. हे जंगल आम्हाला ओळख देत नव्हतं. सगळीकडे नुसतं ठिबकत होतं. उन्हाच्या बाजूला जमीन उघडी होती आणि तिच्यावर बांज नावाच्या झाडांची कोरडी, चामड्यासारखी पानं. त्यांच्याखाली बर्फाचा पातळ थर लपलेला असे, आणि तो फक्त घसरल्यावर कळे. मधेच एखादं बुरांसाचं झाड लालभडक फुललेलं. बाकी सगळं अजून हिवाळ्यातच रुसून बसलेलं. नलूकाकू दोनदा बसल्या. "आक्का, एवढं गार तर आमचं फ्रीज बी करत न्हाय." आक्का पुढूनच म्हणाल्या, "बोलायला दम हाय म्हंजे चालायला बी हाय."

मी मागे बघत होते. सवय होती आणि आता अस्वलाचं निमित्तही होतं.

"मागं काय बघालीस गं? सासर हाय मागं?"

"अस्वल," मी म्हणाले.

"अस्वल आलं तर मी सांगते तुला. फुडं बघ."

त्या वळल्या की मी पुन्हा बघायची. आणि बघता बघता लक्षात आलं, की मागे वळून पाहिलेलं जंगल वेगळंच असतं. येताना एकच वाटलेला देवदार मागून बघितला तर एका बुंध्यातून निघालेले दोन होते. एक खडक पुढून काळा, मागून नारिंगी. त्यांच्याही आधी लागलेला, वीज पडून जळालेला एक बुंधा जाताना दगडासारखा दिसला. वळून बघितलं तर चुलीत फुंकर घालायला वाकलेली बाई. ती बाई मला आवडली. मी तिच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि ओरडा खाल्ला.

उघड्या उतारावर बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. ज्योतीताईंनी कुंद्याचा, आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचा, डबा काढला. उन्हात बसल्यामुळे कुणालाच कळलं नाही की ऊन चाललं आहे. उठलो तेव्हा थंडी खालून वर चढायला लागली होती. पलीकडे वाट नव्हती. होता तो आणखी एक उतार, आणखी बर्फ. आपण कुठे आहोत हे कुणालाही माहीत नव्हतं आणि ते कुणी म्हणतही नव्हतं. एवढ्यात आक्कांनी कान दिला. खाली पाणी वाजत होतं.

"झालं. पाण्यामागं चालायचं. पाणी गावाला जातंय."

यावर आम्ही कुणीच शंका घेतली नाही, मीसुद्धा नाही. आमच्याकडे हे खरंच आहे. खानापुरात वाट चुकलात तर कुठलाही ओढा धरा, थोड्या वेळात भाताचं शिवार लागतं, पंपाचा आवाज येतो, कुणीतरी म्हशी धूत असतो आणि विचारतो, "कुठलं पावणं?" आम्ही तोच ओढा समजून उतरायला लागलो. पण हे पाणी कुणाच्या शिवाराला निघालेलं नव्हतं. दोन्ही काठ वर वर चढत गेले. घळ अरुंद झाली. मग पाणी बर्फाखाली शिरलं आणि पायाखालून त्याचा पोकळ आवाज येऊ लागला, रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा. मी थांबले. आक्का थांबल्या नाहीत. पुढच्याच पावलाला त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या नलूकाकू. दोघींनी काखेत हात घालून त्यांना ओढून काठावर आणलं. मीही हात दिला; विचार करायला वेळ मिळाला नाही. ज्योतीताईंनी गुडघा दाबून बघितला आणि आपला स्कार्फ करकचून बांधला. खाली जिथे घळ संपत होती, तिथे पाण्याचा आवाज बदलत होता. ज्योतीताई चार पावलं पुढे जाऊन बघून आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आक्का, फुडं कडा हाय. पाणी सरळ खाली पडतंय."

"बाजूनं उतरू. धूर दिसालाय खाली. गाव हाय."

"धूर न्हाय, धुकं हाय ते," नलूकाकू म्हणाल्या. त्यात विनोद नव्हता.

"तुम्हाला लई कळतंय. उठवा मला."

"तुमचा पाय टेकत न्हाय!" ज्योतीताईंचा आवाज चढला. "त्या माणसाला संगं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? शाळा हाय काय ही? अंधार पडला तर इथं गारठून मरायचं आम्ही, तुमच्या हट्टापायी!"

"मी कुणाला बांधून आणलेलं न्हाय. ज्याला यायचं न्हाय त्यानं बसावं हितंच."

ऊन समोरच्या डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं. अंधार पडायला फार वेळ नव्हता, आणि आक्कांना धरून त्या कड्याच्या बाजूने उतरणं म्हणजे चौघींपैकी कुणीतरी खाली जाणं. हे मला दिसत होतं. माझा आवाज निघाला, आणि घळीत आपटून माझ्याच कानावर परत आला.

"वर जायचं."

आक्कांनी मान वळवली. "कोण बोललं?"

त्या चिडवत नव्हत्या. इतक्या वर्षांत माझा आवाज त्यांच्या ओळखीचाच झाला नव्हता.

"मी. वर जायचं. आलो तसं परत."

"तुला काय कळतंय, एकोणतीस? परत कुठनं जाणार? वाट हाय काय?"

"मला माहीत आहे. मी मागं बघत आलेय."

"मी नको म्हटलं असताना?"

"हो."

"आणि काय काय केलंयस, मी नको म्हटलं असताना?"

हे त्या रागाने विचारत होत्या. उत्तर नको होतं त्यांना. मी दिलं. "तुमच्या शाळेत आले नाही."

नलूकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. आक्का माझ्याकडे बघत होत्या, अगदी त्या दुपारी आईकडे बघितलं होतं तसं. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि गुडघ्यावरच्या स्कार्फची गाठ चाचपली.

"ते तुझ्या बापानं केलं," त्या म्हणाल्या.

नंतर त्यांनी ज्योतीताईंच्या खांद्याचा आधार घेतला आणि एका पायावर उभ्या राहिल्या. आम्हाला रांगेत उभं केलं, होतो तसंच. गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली. त्या घळीत ती इतकी जोरात वाजली की वरच्या फांदीवरचा बर्फ खाली आला.

"सावधान." आणि मग, "पीछे मुड!"

आम्ही वळलो. मी पहिली झाले. माझ्यापुढे कुणाची मान नव्हती, फक्त चढ होता. मी थांबले. रविवारची सवय, आक्का आता बांधावरून वळसा घालून पुढे येतील. बाजूने जागा होती. पाय दुखावला असला तरी त्या बाईने ती काढली असती. मी वळून बघितलं. त्या सगळ्यांच्या शेवटी काठी टेकून उभ्या होत्या.

"मागं काय बघालीस? चल की."

चढताना त्यांनी मला क्षणभर सोडलं नाही. "मान वर." "पाय घासू नको." "हात काय म्हशीच्या शेपटीगत हलवालीस?" ज्योतीताई त्यांच्या काखेत खांदा घालून त्यांना वर रेटत होत्या, दर पावलाला आक्का दात आवळत होत्या, आणि दोन पावलांमध्ये माझ्या चुका काढत होत्या. मी आधी उघडा उतार शोधला, मग नारिंगी खडक. खडक दिसला तेव्हा मी कुणाला काही सांगितलं नाही, मलाच आधी विश्वास ठेवायचा होता. तिथून पुढे जुळा देवदार हवा होता. तोही सापडला. पुढे वाकलेली बाई हवी होती. ती नव्हती.

सगळीकडे सारखेच बुंधे. उजेड निळा झाला होता. मी थांबले तशी रांग थांबली. मागून आता काहीतरी येईल म्हणून मी खांदे आवळले. काहीच आलं नाही. आक्का गप्प होत्या. आयुष्यभर मला हेच हवं होतं, आणि ते मिळालं तेव्हा त्यांच्या सगळ्या शिव्यांपेक्षा ते जड गेलं. त्यांनी स्वतःला, आणि मागच्या दोघींना, माझ्या नजरेवर सोडलं होतं. मी डावीकडे थोडं वर चढून बघितलं. नव्हती. पुन्हा खाली आले, उजवीकडे गेले, आणि एका झाडाच्या आडून ती दिसली: जळकी, काळी, चुलीवर वाकलेली.

"सापडली," मी म्हणाले.

"कोण?" नलूकाकूंनी विचारलं.

"बाई."

"गेली डोक्यातनं," नलूकाकू म्हणाल्या. पण चालायला लागल्या.

देवळाचा झेंडा दिसला तेव्हा अजून माणसाला माणूस दिसत होतं. घरमालक टॉर्च घेऊन आम्हाला शोधायला निघालेच होते. त्यांनी हिंदीत आम्हाला झाडायला सुरुवात केली. त्यांचं पूर्ण व्हायच्या आत आक्का मागून गरजल्या, "हमको मालूम था!" काय मालूम होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

वडगावात परतल्यावर आठवडाभरात ही गोष्ट घरोघरी गेली. आक्कांच्या तोंडून ती अशी होती: ओढ्याच्या टोकाला गेलो, बघितलं तर फुडं कडा, मग पीछे मुड दिलं आणि उजेड हाय तोवर सगळ्यांना वर काढलं. लीडरला कधी परतायचं ते कळाय पाहिजे. आमच्याच ओट्यावर बसून, आमचाच चहा पीत त्यांनी हे आईला सांगितलं, आणि आई हात जोडायचीच बाकी होती. नलूकाकू माझ्याकडे बघत होत्या. मी दारातून निघून आत जाऊन बसले. त्या गोष्टीत खोटं एक अक्षर नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. पण रात्री आई भांडी आवरताना म्हणाली, "आज आक्कांनी आपल्यात चहा घेतला." तेवढ्यात मला त्या दुपारचा तसाच राहिलेला कप आठवला, आणि राग कुठे ठेवायचा ते कळेना.

माझ्या बाबतीत काहीच बदललं नाही. मी कॉन्व्हेंटच राहिले. रविवारच्या रांगेत आता मलाही यायला लागायचं आणि जागा शेवटची. वडापाशी "पीछे मुड" झालं की मात्र आक्का वळसा घालून पुढे येईनाशा झाल्या. गुडघ्यामुळे असेल. मी विचारलं नाही. येळ्ळूर रस्त्याने घरापर्यंत मी पुढे आणि त्यांचा आवाज माझ्या मानेवर, असं काही महिने चाललं.

मग पुण्याहून त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. गुडघ्याचं ऑपरेशन तिकडेच करायचं ठरलं होतं. "सहा महिन्यांत येते," आक्का म्हणत होत्या. पण टेम्पोत कपाट चढत होतं, पलंग चढत होता, आणि सहा महिन्यांसाठी कुणी पलंग नेत नाही हे गल्लीतल्या सगळ्यांना कळत होतं. बायका जमल्या. सवयीनेच एकीमागे एक उभ्या राहिल्या. आक्का प्रत्येकीला काहीतरी बोलत पुढे सरकत होत्या: हिचं वजन, तिचा नवरा. नलूकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "आक्का, शिट्टी तरी ठेवून जावा. रविवारी काय वाजवायचं आम्ही?"

"कशाला?" त्यांनी शिट्टी पदराआड सारली. मी शेवटी उभी होते. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तिला आवाज हाय."

आणि पाय सांभाळत गाडीत मागच्या सीटवर बसल्या. मला एकटीलाच काही बोलल्या नाहीत.

आमची गल्ली गाडी वळवण्याइतकी रुंद नाही. आत आलेली गाडी तशीच उलटी बाहेर काढावी लागते. मुलाला मागचं नीट दिसेना, म्हणून आक्का सीटवर वळून मागच्या काचेतून बघत त्याला सांगायला लागल्या. "येऊ दे. येऊ दे. डावीकडं खांब हाय. स्कूटर काढा रं ती! येऊ दे." गाडी आमच्यापासून दूर दूर जात होती आणि पुढच्या काचेतून आम्हाला त्यांची फक्त मान दिसत होती. ताठ, वर पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा. आम्ही बघत राहिलो, शिकवलं होतं तसंच, पुढचीच्या मानेकडे.

गल्लीच्या टोकाला, बंद शाळेपाशी, गाडी थांबली. आता फक्त रस्त्याला लागायचं होतं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिथे ती मान वळली. आक्कांनी गल्लीकडे बघितलं. आमच्याकडे नाही, शाळेचं फाटक, मग वाकलेला खांब, मग नलूकाकूंचं निळं पिंप, मग आमचा ओटा, असं एकेक करत, सावकाश. मला ते बघणं ओळखीचं होतं. त्या जंगलात मी तसंच बघत होते.